जमिनीचा दात

भूरा नाहीसा झाला त्या दिवशीच मी हरदेवला म्हटलं होतं, पोरीला घेऊन लंबासाला माझ्या भावाकडे जाऊ या. पण आमच्या नवऱ्याला बायकोचं बोलणं पटतं ते गाडी खड्ड्यात गेल्यावर. "ऊस तोडणीला आलाय आणि घर उघडं टाकून जाऊ?" म्हणाला. "आणि रस्त्यात कोण बसलंय ते ठाऊक आहे ना?"

रस्त्यात पोरं बसली होती. तिकडे राजधानीत बंदुका घेऊन काही माणसं संसदेत घुसली होती आणि पंतप्रधानाला कोंडून बसली होती, कारण तो आमच्यातला, हिंदुस्थानी वंशाचा. तेव्हापासून रेडिओवर एकच पालुपद चाललं होतं, फिजी फिजीच्या लेकरांची. आम्ही कुणाची लेकरं, ते कुणी सांगत नव्हतं. माझा खापरपणजोबा गोऱ्यांच्या जहाजातून ऊस तोडायला आला आणि ऊस तोडता तोडताच मेला. हिंदुस्थान मी पाहिला तो व्हिडिओ कॅसेटमध्ये, तिथंही सारखी गाणीच चाललेली. पण बांधावरून जाणारी, टेकडीखालच्या मूळ फिजियन गावातली पोरं ओरडायची, "ए काई इंडिया, बोट कधी पकडताय?" काई इंडिया म्हणजे हिंदुस्थानातले. पूर्वीही ओरडायची, पण हसून ओरडायची आणि मीही त्यांना चार शिव्या हासडायची. आता ती हसत नव्हती आणि मीही दार लावून घेत होते.

भूरा आमचा बैल. सकाळी गोठ्यात नुसता कापलेला दोर होता. दुपारी वारा गावाकडून टेकडीवर आमच्या घराकडे आला आणि त्याच्याबरोबर वास आला, जमिनीत खड्डा खणून तापल्या दगडांवर मांस भाजतात त्याचा. हरदेव ओट्यावर बसला होता तो उठून घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मी प्रनीताला, माझ्या मुलीला, तिच्या बापाचा सदरा आणि पँट घालायला लावली आणि केस टोपीत कोंबायला लावले. सोळा वर्षांची पोर. तिनं का म्हणून विचारलं नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता जमिनीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही कसतो ती जमीन आमची नाही. ती वाइसेआच्या भावकीची. इथली जमीन त्यांच्या भावक्यांची असते, आम्ही कूळ. माझ्या सासऱ्यानं, रामलगननं, ती मागितली तेव्हा तिथं नुसती दलदल आणि डास होते. वाइसेआचा बाप तेव्हा भावकीचा मुखिया. त्यानं सगळ्या गावासमोर सासऱ्याच्या हातात देवमाशाचा दात ठेवला, नारळाच्या काथ्याच्या वेणीत ओवलेला, तेलानं पिवळा पडलेला. त्याला तंबुआ म्हणतात. तो दिला-घेतला की शब्द दिला-घेतला. सरकारी कागद नंतर झाला, तीस वर्षांचा. सासऱ्यानं कागद पत्र्याच्या पेटीत टाकला आणि दात देवघरात मारुतीच्या तसबिरीशेजारी मांडला. दर मंगळवारी मारुतीबरोबर दातालाही शेंदूर.

कागदाची मुदत संपली, ती नवी कुणी करून दिली नाही. हरदेव म्हणायचा, "कागद मेला तर मेला. दात कुठं मरतोय? वाइसेआ आहे ना."

वाइसेआ आता मुखिया होता. तो आणि हरदेव एका ओढ्यात डुंबत वाढलेले. एकमेकांना 'मेव्हण्या' म्हणायचे, आणि इथल्या रिवाजात मेव्हण्याला वाटेल ते बोलायची मुभा असते. "मेव्हण्या, तुझं नाक अजून जहाजातच राहिलंय का रे, इतकं चपटं?" "मेव्हण्या, तुझी बायको माझ्याकडे बघून हसते, डोळे तपासून घे तिचे." यंगोनाची मुळी कुटून, पाण्यात कालवून, लाकडी परातीतून नारळाच्या कवटीनं रात्ररात्र प्यायचे. पण ह्या गडबडीला सुरुवात झाल्यापासून वाइसेआ टेकडीवर फिरकला नव्हता. हरदेव रोज वाटेकडे बघायचा आणि मी बघत नाही असं दाखवायची.

मग मगनच्या दुकानावरून हरदेव एक बातमी घेऊन आला. पीठ आणायला गेला होता, पीठ नव्हतंच, बातमी मिळाली. मगनला जगाच्या बातम्या असतात, फक्त स्वतःच्या तराजूची नसते.

"नदीपलीकडचा मुनसामी आहे ना," हरदेव म्हणाला, "त्याच्याकडे गावची माणसं दात घेऊन आली. त्याला वाटलं मान देतायत. घेतला हातात. आणि घेतल्यावर कळलं, जमीन परत मागायला आणला होता. आता दात घेतला म्हणजे हो म्हटलं. चंबूगबाळं उचललं आणि गेला."

"ऐकून नाही घेतलं, कशासाठी आणलाय ते?"

"घाबरलेला माणूस काय ऐकतो? मगन म्हणतो, सगळीकडे तेच चाललंय. दाताला हात लावायचा नाही. तोंड उघडायच्या आत नाही म्हणायचं."

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड मुनसामीचं पोळलं होतं आणि फुंकायला आम्ही बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी ते आले. प्रनीता खिडकीतून म्हणाली, "आई, माणसं." वाइसेआ पुढं होता, नुकतीच धुतलेली सुलू कमरेला गुंडाळलेली. मागं दोन म्हातारे. आणि त्यांच्या मागं सेकोवे, वाइसेआच्या बहिणीचा मुलगा. रस्ता अडवून बसणाऱ्या पोरांचा हा पुढारी. त्याच्या हातात कोयता नव्हता, पण मला तो नसलेलाही दिसत होता. मी प्रनीताला मागच्या दारानं उसात पाठवलं आणि सांगितलं, मी हाक मारेपर्यंत श्वाससुद्धा हळू घे.

ते ओट्याच्या खालीच, मातीत मांडी घालून बसले. वाइसेआनं हरदेवकडे पाहिलं नाही. मेव्हण्या म्हटलं नाही, नाकाचं काही नाही. त्यानं पिशवीतून दात काढला, दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घातली.

हरदेवनं दोन्ही हात पाठीमागे नेले. मला दिसत होतं, त्याची बोटं एकमेकांत अडकून पांढरी पडली होती.

"नको," तो म्हणाला. "बोलू नकोस. मी नाही घेणार."

"मेव्हण्या, ऐक तर—"

"नाही ऐकायचं. मला ठाऊक आहे कशाला आलायस. परत घेऊन जा."

म्हाताऱ्यांपैकी एकाच्या तोंडून नुसता वारा सुटल्यासारखा आवाज आला. वाइसेआ तसाच बसून राहिला, हात पुढं केलेले. घाम त्याच्या नाकावरून दातावर टपकला. मग त्यानं दात पिशवीत ठेवला आणि वाकूनच मागं सरला. सेकोवे मात्र सरळ उभा राहिला. त्यानं आमच्या घराकडे नीट पाहून घेतलं, छप्पर, दार, मागचा ऊस. मग थुंकला आणि गेला.

हरदेव ओट्यावर मटकन बसला. "वाचलो," म्हणाला. मला तसं अजिबात वाटत नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत विलिसी आली. वाइसेआची बायको, प्रनीता जन्मली तेव्हा हिच्याच हातात पडली होती. मला 'भौजी' म्हणायची आणि येताना कधी रिकाम्या हातानं यायची नाही. आज हात रिकामे होते आणि ती चुलीमागच्या दारानं आली.

"भौजी, काय करून बसलात तुम्ही?" तिनं माझे खांदे धरून हलवले. "तो माफी मागायला आला होता. बैलासाठी. सेकोवेला कानाला धरून आणलं होतं, सगळ्यांसमोर मान खाली घालायला. एकदा तुम्ही दात घेतला असता की विषय पुरला गेला असता. मग तुमच्या कोंबडीलाही कुणी हात लावला नसता, कारण लावणारा भावकीचा गुन्हेगार झाला असता."

हरदेव ओट्यावरून आत आला होता. मीच सांगितलं, "आम्हाला वाटलं जमीन मागायला आलात."

"माझा नवरा? तुमच्याकडं जमीन?" ती रडायलाच लागली. "आता पोरं म्हणतायत, काई इंडियानं माफी लाथाडली, म्हणजे त्याला वैर हवंय. वाइसेआ समजवायला गेला तर म्हणतात, मामा, तुझी लाज त्यानं मातीत घातली, तू कशाला मधे पडतोस? उद्या रात्री ते वर येणार आहेत, भौजी. रॉकेल आणलंय त्यांनी."

मी दाराची चौकट धरली. घर जळेल हे मनात आलंच नाही, एवढंच आलं की प्रनीताला उसात लपवली आणि ऊसच पेटवला तर.

"काय करू?" हरदेव म्हणाला.

"तुम्ही या. तुम्ही घेऊन या दात. माफी नाकारल्याची माफी मागा. दुसरा मार्ग नाही."

"दात कुठून आणू? लंबासाच्या दुकानात मिळतो, पण रस्ता..."

"ते मला नका विचारू. उद्या दुपारपर्यंत या." ती आली तशी निघून गेली, परसातली मिरचीची रोपं न तुडवता. भीतीतही तिनं ते केलं हे मला अजून आठवतं.

आम्ही तिघंही झोपलो नाही. पहाटे हरदेव देवघरासमोर उभा होता. त्यानं मारुतीच्या शेजारचा दात उचलला, त्यावरचा शेंदूर सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला.

"हा?" मी म्हटलं.

"दुसरा कुठंय? आणि ह्याच्याहून मोठं काय आहे आपल्या घरात? बाबूजींनी जिवापाड जपला. हा दिला तर त्यांना कळेल, आपण किती झुकलोय."

मला ते पटलं. आमच्यात तसंच असतं. देवाला, पाहुण्याला, सोयऱ्याला घरातलं चांगलं ते काढून द्यायचं, दुखेल एवढं द्यायचं. मला एवढंच वाटलं की शेंदूर पूर्ण निघत नाहीये, खाचांत लाल राहिलाय.

प्रनीताला मागं ठेवायची माझी छाती झाली नाही. तिघंही गेलो. गावाच्या वेशीपाशी चपला काढून हातात घेतल्या. हरदेवनं टोपी काढली, प्रनीतालाही काढावी लागली, कारण गावात डोकं झाकून जाणं म्हणजे अपमान. तिची वेणी पाठीवर पडली तशी फणसासारख्या झाडाखाली बसलेली पोरं बोलायची थांबली. त्यांच्याजवळ रॉकेलचे डबे होते, उघडे मांडलेले, जसे आपण पाण्याचे मांडतो. मी प्रनीताला मधे घेतलं. मनात हनुमानचालीसा म्हणत होते आणि तिसऱ्या ओळीपुढं काही आठवत नव्हतं.

"काका," एकजण म्हणाला, "निरोप घ्यायला आलात का?" कुणी हसलं नाही.

वाइसेआच्या घरात चटया अंथरलेल्या होत्या. म्हणजे तो वाट बघत होता. आम्ही दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागी बसलो. वाइसेआ समोर, शेजारी ते दोन म्हातारे. विलिसी कोपऱ्यात. तिनं मला पाहून डोळ्यांनी हो म्हटलं. मागं दारात सेकोवे आणि पोरं येऊन उभी राहिली, उजेड अडला.

हरदेव गुडघ्यांवर पुढं सरकला. त्यांच्या भाषेत बोलायला लागला, ती तो आमच्या भाषेपेक्षा चांगली बोलतो. म्हणाला, मी भ्यालो होतो. भ्यालेल्या माणसाचे कान बंद असतात. मी माझ्या भावाच्या हातातली माफी मातीत टाकली. ह्या दातामागं माझी मान आहे, माझ्या बायकोची आहे, माझ्या लेकीची आहे. आमच्यावरचा राग पुरून टाका. मग त्यानं दाताभोवती गुंडाळलेला टॉवेल सोडला आणि दात दोन्ही हातांनी पुढं केला.



वाइसेआ त्या दाताकडे बघत होता. काथ्याच्या वेणीकडे, वेणीच्या टोकाच्या गाठीकडे, खाचांतल्या लाल शेंदराकडे. डावीकडच्या म्हाताऱ्यानं हात तोंडावर ठेवला. मी विलिसीकडे पाहिलं. तिचे डोळे आता हो म्हणत नव्हते.

"हा आणलास?" वाइसेआ हळूच म्हणाला.

"हाच. ह्याच्याहून मोठं आमच्याकडं काही नाही."

"हा माझ्या बापानं वळलाय. ही गाठ त्याची आहे." वाइसेआनं गाठीकडे बोट केलं. "मेव्हण्या, दुसरा नाही का रे? एखादा छोटा? यंगोनाची जुडी आण, रॉकेलचा डबा आण, मी काहीही घेईन. परसात जाऊन विचार करून ये."

हरदेव गोंधळला. त्याला वाटलं, कमी पडतंय. "नाही, हाच घे," म्हणाला आणि आणखी पुढं केला. "मनापासून देतोय."

तेव्हा दारातून सेकोवे पुढं आला. मी प्रनीताच्या डोक्यावर हात ठेवला, आता वार होतो की काय म्हणून. पण तो खाली बसला. अगदी रीतसर मांडी घातली. "घे, मामा," तो मऊ आवाजात म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. पुढं केलेला दात मागं घ्यायला लावशील? काल त्याला लाज नव्हती, आज तुलाही नाही?"

मला कळलं. सगळ्यांच्या आधी की नंतर, ठाऊक नाही, पण हरदेवच्या आधी कळलं. ह्या दातानं जमीन दिली होती. कागद मेल्यावर आमच्याकडं जमिनीचं म्हणून एवढंच काय ते उरलं होतं, आणि ते आम्ही शेंदूर पुसून, टॉवेलात गुंडाळून, ज्यांचं त्यांच्या दारात आणून ठेवलं होतं. मी ओरडणार होते. घे परत म्हणून ओरडणार होते. पण दारात रॉकेलचा वास होता आणि माझ्या हाताखाली माझ्या पोरीचं डोकं होतं. मी ओरडले नाही.

वाइसेआनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं असं सरळ माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो विचारत होता. दात घेतला नाही तर आज रात्री पोरं मोकळी. घेतला तर जमीन गेली. मी मान हलवली, घे म्हणून.

त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि दात घेतला. ओठांना लावला.

"मी घेतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "राग पुरला. ह्यांच्या केसाला जो धक्का लावेल त्यानं मला धक्का लावला. आणि माझ्या बापानं जे दिलं होतं, ते मानानं घरी परत आलं."

सगळ्यांनी ओंजळीसारखे हात करून खोल आवाजात टाळ्या वाजवल्या. सेकोवेनंही वाजवल्या, सगळ्यांत रीतसर त्यानंच. हरदेव हसत होता. सुटल्याचं हसू. मग वाइसेआचं शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते कसं उतरवायचं हे त्याला कळेना.

"मेव्हण्या," तो म्हणाला. "ऊस उभा आहे रे माझा."

"तोडून ने," वाइसेआ म्हणाला. "ऊस तुझा आहे." आणि त्यानं दात मांडीवर घेऊन तोंड फिरवलं.

त्या रात्री कुणी वर आलं नाही. त्यानंतरही नाही. ऊस तुटला, साखर कारखान्यात गेला, आणि त्यानंतर आम्ही सामान बांधलं. मुनसामीला नावं ठेवली होती ती आठवून माझी मलाच चीड आली. लंबासात भावाच्या परसात पत्र्याची एक खोली मिळत होती. ट्रक आला त्या दिवशी गावातली पोरं टेकडीवर आली. प्रनीता घरात पळाली आणि मी कोयता घेऊन दारात उभी राहिले.

"काकी, बाजूला व्हा," सेकोवे म्हणाला. "मामानं पाठवलंय. सामान चढवायला."

त्यांनी सगळं उचललं. पत्र्याची पेटी, पाटा-वरवंटा, माझं शिलाई मशीन. मारुतीची तसबीर सेकोवेनं स्वतः गादीत गुंडाळली आणि ड्रायव्हरला बजावलं, हळू घे, काच आहे. एक कप फुटला नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. तेच हात, तेवढेच मोठे, आणि आता इतके जपून चालणारे. रॉकेलच्या डब्यांपाशी बसलेली पोरं बघून मी भ्याले होते, पण ह्याच्याइतकी नाही. त्यांना आता आमच्यावर रागावायचं काही कारणच उरलं नव्हतं.

ट्रक निघाला तेव्हा सेकोवे बाजूला झाला आणि हात हलवून म्हणाला, "सांभाळून जा, काकी." मनापासून म्हणाला. देवघराच्या रिकाम्या कोनाड्यात शेंदराचा डाग राहिला होता. तो पुसायचा राहून गेला.